रेषेतला राजा की काळोखातला?

सतराव्या शतकातली राजेरजवाड्यांची छापील व्यक्तिचित्रं जमवायची, तर आधी वाट ठरवा: फ्रेंच रेषाकोरीव चित्रं की इंग्रजी मेझोटिंट?

फ्रेंच बाजूला रोबेर नांतॉय. चौदाव्या लुईचा चेहरा त्याने अनेकदा कोरला. भिंगातून गाल बघा: बारीक ठिपके, तुटक रेघा, केसांच्या बटांत मात्र लांब, वळणदार रेषा. सगळं ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने तांब्याच्या पत्र्यात खोदलेलं. १६६० मध्ये लुईने खोदकामाला गिल्डच्या (कारागीर संघाच्या) बंधनांतून मोकळं केलं, ते उगीच नाही.

मेझोटिंटची रीत उलटी. दातेरी हत्याराने अख्खा पत्रा खरबरीत करायचा. तसाच छापला तर कागद काळाकुट्ट. मग उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. सुरुवात केली लुडविग फॉन झीगेनने, १६४२ मध्ये, जर्मनीतल्या हेसे-कासेलची राज्यकर्ती अमाली एलिझाबेथ हिच्या चित्रात; त्याने मात्र अख्खा पत्रा नाही, काळं हवं तेवढाच भाग खरबरीत केला. पुढे लंडनमध्ये जॉन स्मिथने चित्रकार नेलरच्या तैलचित्रांवरून राजघराणी छापली. त्यातली मखमल पाहून हात लावावासा वाटतो. (लावू नका.)

पण तो खरबरीतपणा भराभर झिजतो. उशिराच्या छापेत काळं राखाडी होतं आणि राजा आजारी दिसतो. रेषेचा पत्रा कितीतरी जास्त टिकतो. म्हणून खिसा बेताचा असेल तर सरळ नांतॉय. मेझोटिंट घ्यायचंच तर सुरुवातीची छाप, नाहीतर राहू द्या. समास कापलेले असणं दोन्हीकडे सर्रास. तेवढ्यावर भाव पाडून मागायला लाजू नका.