कॅमेरा परत आला, लेन्स बदलून

बाबांचा लायका एम३ कॅमेरा मी गेल्या वर्षी एका ऑनलाइन लिलावात विकायला काढला आणि त्याची लेन्स गमावून बसले. घरातली जुनी, किमती वस्तू कुणी असं विकणार असेल, तर पार्सल घराबाहेर पडण्याआधी हे वाचा.

बाबांचा चिपळूणला स्टुडिओ होता. एम३ जर्मनीत १९५४ ते १९६६ या काळात बनला. बाबांनी मुंबईला बोरा बाजारातून जुना घेतला, ५० मिलिमीटरच्या समिक्रॉन लेन्ससकट. कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून ते कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवत. २२ जुलै २०२१ च्या पुरात स्टुडिओ गेला, निगेटिव्ह गेल्या. कॅमेरा घरी माळ्यावर होता, तेवढा वाचला. बाबा गेल्यावर आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत होते, आणि आईच म्हणाली, काढ तो विकायला.

पहिल्या लिलावात एकाने भाव भराभर चढवला, जिंकला आणि गायब झाला. दुसऱ्याच दिवशी भलत्याच माणसाचा मेसेज आला: "ताई, वेबसाइटबाहेर व्यवहार करू, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात, हे मला ठाऊक होतं. मी त्याला ब्लॉक केलं. त्यानंतर आपण सावध आहोत असं मला वाटू लागलं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

दुसऱ्या वेळी १,४६,००० रुपयांना लिलाव संपला. घेणारा दिल्लीचा, बोलणं अतिशय नम्र. पैसे वेबसाइटकडे लगेच जमा झाले. माल पोचल्यावर तीन दिवसांत तक्रार आली नाही, तर ते मला मिळणार होते. तिसऱ्या रात्री अकराला तक्रार आली. सोबत फोटो: लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "माल वर्णनाप्रमाणे नाही." वेबसाइटने कॅमेरा परत पाठवायला सांगितलं आणि त्याचे पैसे त्याला देऊन टाकले.

पार्सल आलं तेव्हा मी ते दारातच कात्रीने उघडलं. व्हिडिओ काढायचं सुचलंच नाही. बॉडी आमचीच होती, वरच्या पत्र्यावरचा नंबर जुळत होता. पण लेन्स हातात घेतली आणि अंतराच्या आकड्यांकडे बघतच राहिले. ते मीटरमध्ये होते. बाबांच्या लेन्सवर फूट होते. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला गल्लीत उभं करून शिकवलं होतं, "दहा फुटांवर लाव, आठचं अ‍ॅपर्चर ठेव, आणि माणसाकडे बघ, कॅमेऱ्याकडे नको." ते फूट मी कसे विसरेन?

या कॅमेऱ्याची लेन्स एक बटण दाबून जराशी फिरवली की सुटते. त्याने आमची स्वच्छ लेन्स काढून घेतली, बुरशी लागलेली दुसरी बसवली. बॉडीचा नंबर तोच असल्यामुळे वेबसाइटच्या लेखी "तीच वस्तू परत आली" होती. लेन्सचा स्वतःचा नंबर तिच्या पुढच्या कड्यावर कोरलेला असतो. मी लिलावासाठी अकरा फोटो टाकले होते, पण समोरून काढलेल्या एकुलत्या एका फोटोत फ्लॅशची चमक नेमकी त्या नंबरावर आली होती. अंतराचे आकडे एकाही फोटोत दिसत नव्हते. माझी आठवण हा काही पुरावा होत नाही, असं मला तीन ईमेलमधून सभ्य भाषेत कळवण्यात आलं.

म्हणून कळकळीने सांगते. वस्तूचा जो जो भाग सुटा होतो, त्या प्रत्येकाचा नंबर, ओरखडा, खूण यांचा स्पष्ट फोटो काढा. लेन्स असेल तर मागून टॉर्च लावून आतली काच दिसेल असा व्हिडिओ घ्या. नंबर दाखवण्यापासून ते खोका चिकटवून त्यावर कुरियरची पावती लागेपर्यंत एकच सलग चित्रण करा, मध्ये तोडू नका. परत आलेलं पार्सलसुद्धा कॅमेरा चालू ठेवूनच उघडा. आणि शक्य असेल तर घेणाऱ्यालाच घरी बोलवा, वस्तू समोर बघू दे. भाव दहा-वीस हजारांनी कमी आला तरी चालेल.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, लेन्सचा नंबर कुठे लिहिलेला आहे का? तेव्हा नव्हता. तीन महिन्यांनी आईच्या ट्रंकेत, विम्याच्या कागदांखाली, बोरा बाजारातल्या दुकानाचं पिवळं पडलेलं बिल सापडलं. दुकानदाराने बॉडी आणि लेन्स, दोन्हींचे नंबर शाईने लिहिले होते. मी ते दुसऱ्याच दिवशी नेऊन दिलं. आता त्याची प्रत अर्जाला जोडलेली आहे, आणि बाबांचा कॅमेरा पुन्हा त्याच डब्यात ठेवला आहे, लेन्सच्या जागी नुसतं झाकण लावून.