कैद्यांसाठी काम करायचंय: शिक्षण, विपश्यना, ओपन जेल की सुटल्यानंतरची मदत?

थोडे पैसे आहेत, रविवार मोकळा असतो, जेलमधल्या लोकांसाठी मनापासून काहीतरी करायचंय पण कशात पडायचं ते कळत नाही, असं असेल तर कुठल्याही उपक्रमाला आधी एकच प्रश्न विचारा, तुमच्याकडून गेलेला माणूस सुटल्यावर परत आत आला का आणि ते तुम्ही मोजलंय का? आतमध्ये भाषणाला टाळ्या किती पडल्या त्यावरून काहीच ठरत नाही.

आधी टाळायचं काय ते सांगते. वाया चाललेल्या पोरांना जेल दाखवून घाबरवायचं, हे आपल्याकडेही लोकांना फार पटतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे जेलमध्ये १९७० च्या दशकात हे सुरू झालं, जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडायचे, आणि नंतर नीट तुलना केली तर नेलेली पोरं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली. इंग्लंड-वेल्समध्येही तसंच, लैंगिक गुन्ह्यांसाठीचा ग्रुप थेरपीचा कोर्स वर्षानुवर्षं चालला आणि २०१७ च्या अहवालात निघालं की कोर्स केलेल्यांपैकी १० टक्के लोकांनी परत तसाच गुन्हा केला, न केलेल्यांपैकी ८ टक्के. कोर्स बंद केला. म्हणजे चांगल्या मनाने केलेलं कामही नुकसान करू शकतं, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

शिक्षण आणि विपश्यना या दोन्हींत मी शिक्षण निवडेन. रँड संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकेतले बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, आत शिकलेल्यांचं परत जेलमध्ये येण्याचं प्रमाण साधारण १३ टक्के-अंकांनी कमी होतं, म्हणजे शंभरामागे तेराजण कमी परत आले. आपल्याकडे इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे कैद्याला डिग्री करता येते, पुस्तकं आणि शिकवणारा माणूस मात्र कमी पडतो, तिथे तुमचा रविवार उपयोगी आहे. विपश्यना वाईट अजिबात नाही. १९९४ ला तिहारमध्ये गोएंका गुरुजींच्या शिबिराला हजारभर कैदी बसले होते, आणि सिएटलच्या एका जेलमधल्या अभ्यासात शिबिर केलेल्यांचं दारू-ड्रग्ज सुटल्यावर कमी झालेलं दिसलं, पण ते सुटल्यानंतरच्या तीनच महिन्यांचं. मन शांत झालं तरी बाहेर आल्यावर भाडं कोण देणार?

ओपन जेल, म्हणजे कैद्याला कोंडून न ठेवता मोकळं राहून काम करू देणारं खुलं कारागृह, त्याबद्दल मला खूप जिव्हाळा आहे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत १९३९ ची, औंध संस्थानची, तिथे शिक्षा भोगणारा माणूस बायकापोरांसोबत राहून शेती करतो, यापेक्षा माणुसकीची कल्पना मला तरी माहीत नाही. पण तुलना करताना एक गोष्ट विसरू नका, ओपनला वागणूक चांगली असलेलेच कैदी निवडून पाठवतात, मग ते परत गुन्हा करत नाहीत याचं किती श्रेय जागेला आणि किती निवडीला ते सांगणं अवघड. शिवाय कोणाला पाठवायचं ते जेल प्रशासन ठरवतं, बाहेरच्या माणसाला तिथे फारसं काही करता येत नाही.

आता ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते, गेटबाहेरचा पहिला महिना. इंग्लंडच्या पीटरबरो जेलमध्ये २०१० पासून वर्षाच्या आतली शिक्षा झालेल्यांना सुटल्यावर घर, काम, कागदपत्रं, व्यसन या सगळ्यात एक माणूस सोबत द्यायचे, तशाच इतर कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यावर परत गुन्हे सिद्ध होणं ९ टक्क्यांनी कमी झालं. आकडा छोटा वाटेल, पण हे लोक वारंवार आत-बाहेर करणारे होते. आपल्याकडे तर याची गरज आणखी जास्त, कारण २०२२ अखेर देशातल्या जेलमध्ये पाऊण लोक कच्चे कैदी होते, त्यांच्यावर गुन्हाच सिद्ध झालेला नाही, कधी जामीन होईल माहीत नाही, त्यांना सहा महिन्यांचा कोर्स काय कामाचा. त्यांना वकील हवा, जामीनदार हवा, घरी फोन करणारं कुणी हवं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा (टिस) प्रयास प्रकल्प १९९० पासून हेच करतोय, त्यांचं काम एकदा बघून या.

त्यामुळे पैसे असतील तर सुटल्यानंतरच्या मदतीला द्या. वेळ असेल आणि शिकवता येत असेल तर शिकवायला जा, पण वर्षभर सलग जमणार असेल तरच, कारण तीन रविवार येऊन गायब होणारे लोक त्यांनी भरपूर पाहिलेत. आणि कुणी सुटलेल्याला हाताशी कामावर ठेवू शकत असेल, दुकान असो, गॅरेज असो, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ते करा.