लेकराच्या मुठीत काय द्यावं: बिस्किट की ज्वारीचं धिरडं?

लेकरू आठ-नऊ महिन्यांचं झालं, नीट बसायला आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालायला लागलं, की मधल्या वेळच्या खाऊचा प्रश्न येतो. बहुतेक घरांत शेवटी दोनच गोष्टी उरतात: पाकिटातलं बिस्किट नाहीतर घरचं काही. घरच्यातलं मी ज्वारी-मुगाचं धिरडं धरलंय, कारण ते लेकराला स्वतःच्या हाताने खाता येतं.

बिस्किटाची सोय नाकारण्यात अर्थ नाही. लातूरहून पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये धिरडं कडक होतं, बिस्किट जसंच्या तसं राहतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेवढे वाचून घ्यावेत. साध्या गोड बिस्किटात मैद्यामागोमाग साखर आणि पाम तेल असतं, आणि वर्षाच्या आत वरची साखर किंवा मीठ नकोच. आज्जी ते चहात बुडवून देत असतील तर तेवढं मात्र थांबवायला सांगा. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

माझा कौल मात्र साखरेवरून लागला नाही, चिकट्यावरून लागला. बिस्किट तोंडात विरघळतं असं म्हणतात, पण ते पुरतं विरघळत नाही. कड भिजते, आतला कोरडा तुकडा मोडतो आणि भिजलेला लगदा टाळूला चिकटून बसतो. लेकराला उबळ येते आणि मोठं माणूस घाबरून तोंडात बोट घालतं. इथेच चुकतं, कारण न दिसणारा तुकडा बोटाने आणखी मागे जातो. उबळीला आवाज असतो, तोंड लाल होतं. अशा वेळी जवळ बसून थांबावं, बहुधा लेकरू स्वतःच बाहेर काढतं. आवाजच बंद झाला, रडूही फुटेना, तर हातावर पालथं घेऊन डोकं खाली करावं आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने 5 थापा द्याव्यात. तरी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब द्यावेत, आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावावा.

धिरडं चिकटत नाही, पण ते मऊ झालं तरच. पोह्याच्या चमच्याने 2 चमचे मूग डाळ 4 तास भिजवून गुळगुळीत वाटा. 4 चमचे ज्वारीच्या पिठावर भाकरीला घालतो तसं कढत पाणी घाला, कालवा, 10 मिनिटं झाका. मग वाटलेली डाळ, 2 चमचे वाफवून कुस्करलेला लाल भोपळा आणि चिमूटभर जिरेपूड घालून इडलीच्या पिठाएवढं सैल करा. मीठ नको. पीठ ताजंच हवं. विरी गेलेल्या, म्हणजे जुन्या होऊन चिकटपणा गेलेल्या पिठाचं धिरडं उलटताना तुकडे होतात, कारण ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. धरून ठेवायचं काम कढत पाणी आणि मूग करतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ वाण मिळालं तर उत्तम, त्यात लोह आणि जस्त जास्त असतं.

मंद आचेवर, अर्धा चमचा तुपावर, जरा जाडसर घाला आणि झाकण ठेवाच. झाकणाविना कडा कुरकुरीत होतात, आणि कुरकुरीत कड म्हणजे पुन्हा बिस्किटाचीच गत. 3 मिनिटांनी उलटा, आणखी 2 मिनिटं ठेवा. निवल्यावर मोठ्या माणसाच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापा, म्हणजे मुठीत धरूनही अर्धी पट्टी बाहेर राहते. देण्याआधी एक पट्टी अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहा. सहज चेपली तरच द्या. वर लिंबाचे दोन थेंब पिळले तर त्यातलं लोह जास्त लागू पडतं.

भिजवलेलं पीठ उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच भिजवा. धिरड्याचा खरा त्रास हाच, रोज नव्याने करावं लागतं. हुरड्याच्या दिवसांत शेतात कोणी लाडाने हुरडा, फुटाणे किंवा अख्खे शेंगदाणे भरवू नयेत, पाच वर्षांच्या आत तर नकोतच. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पिठात अर्धा चमचा चालेल. द्राक्षं उभी चार फोडी करून. मध वर्षानंतरच.

आणि प्रवासात, धिरडं नेता येत नसेल तेव्हाही, मी बिस्किटाऐवजी अर्धापुरी, म्हणजे नांदेडजवळच्या अर्धापूरचं केळं सुचवेन. सोललेलं केळं हातातून सटकतं. ज्वारीच्या लाह्या बारीक दळून, चाळून त्या पिठात घोळवलं की मुठीत नीट बसतं.