पेट्रोलवरचं खड्डे मशीन: नऊ महिने आणि पाचेकशे खड्ड्यांनंतर

दिवाळीनंतर आणलेल्या मशीनला श्रावणात नऊ महिने झाले. एवढ्या दिवसांत कुंपणाचे १८४ खड्डे मारले, आंब्याच्या साठ खड्ड्यांसाठी तीनशे भोकं पाडली, शिवाय भावकीत उसनं गेलं ते वेगळंच. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून एकच विचारतो, "कसं काय, चांगलं आहे का?" मी उलट विचारतो, "रान कसलं आहे तुमचं? आणि कोणत्या महिन्यात मारणार?"

आमचं रान खटाव तालुक्यात, येरळेच्या बाजूनं वर माळाकडे चढत गेलेलं. तीन एकर, ३०० बाय ४३५ फूट, घेर १,४७० फूट. आठ फुटांवर एक खांब धरला की १८४ खांब. खालचा भाग काळा, वर मुरूम, आणि मधूनच पाषाण डोकं वर काढतो. रानडुकरांनी सलग दोन वर्षं मका लोळवल्यावर कुंपण करायचंच ठरलं. खड्डे मारणाऱ्यांनी दोन फूट खोलीला खड्ड्यामागे ६० रुपये सांगितले, आणि वर "ऊसतोड उरकू द्या, मग बघू." तोवर उरलेला मका डुकरांनी खाल्ला असता. मग ऑनलाइन मशीन मागवलं. ५२ सीसी, टू-स्ट्रोक, एका माणसानं धरायचं. सोबत आठ इंची आणि बारा इंची अशी दोन बिटं (जमिनीत फिरत उतरणारे स्क्रूसारखे पात्यांचे दांडे) आणि फूटभराचा जोड, सगळं मिळून १४,५०० रुपये.

घ्यायच्या आधी व्हिडिओ भरपूर बघितले होते. त्यात ओल्या पिठात बोट जावं तसं बिट जमिनीत जातं आणि माणूस हसत बाजूला होतो. पहिल्या दिवशी खालच्या काळ्या रानात माझंही तसंच झालं, हे कबूल करतो. कार्तिक अर्धा सरला होता, पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी मातीची ओल, नामी होता. दोन फुटांचा खड्डा जेमतेम मिनिटात. संध्याकाळपर्यंत सत्तर खड्डे झाले आणि रात्री जेवताना मी घरात असा बोलत होतो की जणू मशीनचा शोध मीच लावला.

दुसऱ्या दिवशी पाटाकडेच्या पट्ट्यात गेलो. तिथं आदल्या आठवड्यात पाणी दिलेलं होतं. बिट आत गेलं ते माती वर न फेकता स्क्रूसारखं स्वतःच खाली उतरत गेलं. रेस कमी केली तर जाग्यावर बसलं. उचलायला गेलो तर हलेना. मी आणि हजेरीवर मदतीला असलेले आबा, दोघांनी दोन्ही मुठी धरून ओढलं, तरी नाही. शेवटी पिन काढून इंजिन बाजूला ठेवलं, बिटाच्या दांड्याला पाइप पाना लावला आणि उलटा फिरवत फिरवत वीस मिनिटांनी बाहेर काढलं. पात्यांवर चिखलाचा नुसता लादा. या मशीनला उलटा गिअर नाही, हे खोक्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

तेव्हापासून नियम केला. मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर मशीन बाहेर काढायचं, नुसता चपटा झाला तर घरी जाऊन चहा प्यायचा. पेरणीला जो वापसा बघतो तोच इथं बघायचा, एवढंच. उन्हाळ्यात याच काळ्या रानात उलटी गंमत होते: भेगा पडलेल्या, ढेकूळ दगडासारखं, आणि बिट वरच्या वर नाचतं.

बिट कसं मारायचं हे दोनतीन दिवसांनी कळतं. जोर लावायचा नाही. मशीनच्या वजनानंच त्याला उतरू द्यायचं, सहा-सात इंच गेलं की पूर्ण रेसवर वर उचलायचं, माती झटकली जाते, परत घालायचं. एका दमात दोन फूट मारायला गेलात की अडकलात. आणि खड्डा दोन फूट हवा असेल तर सव्वादोन मारा, कारण तळाला तीन-चार बोटं सैल माती राहतेच. ती काढायला आम्ही डालड्याच्या जुन्या डब्याला काठी ठोकली होती. सगळ्या कामात ते हत्यार सगळ्यात भरवशाचं निघालं.

आता झटक्याबद्दल. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. खाली दगडात अडकलं की बिट थांबतं आणि त्याच्या बदल्यात मूठ उलट्या दिशेनं फिरते. म्हणजे डावी मूठ थेट तुमच्या अंगावर येते. मला ती पोटाखाली, डाव्या बाजूला बसली आणि आठवडाभर तिथं निळंजांभळं होतं. आबांनी बघितलं आणि लगेच आपली पद्धत बदलली: डावी मूठ आधीच डाव्या मांडीला टेकवून उभं राहायचं, पाय फाकवून, गुडघे थोडे मोडून. मग झटका अंगावर येत नाही, अंगातून जमिनीत जातो. हात लांब करून, मशीनपासून अंतर ठेवून धरणाराच आधी पडतो. उपरणं, साडीचा पदर, सैल बाही यातलं काहीही बिटाजवळ नको, हे रानातल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवा. लहान पोरं तर बांधावरच. कानात इअरप्लग घाला. दिवसभरानंतर रात्री झोपेतसुद्धा इंजिन ऐकू येतं. तासभर धरल्यावर बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे एकट्यानं मारायचं मशीन असलं तरी माणसं दोन लागतात. आम्ही पंधरा-पंधरा खड्ड्यांनी पाळी बदलत होतो.

मुरमाची कथा वेगळी. ७४ खड्डे मुरमात होते आणि त्यांनीच आमचा घाम काढला. भुसभुशीत मुरूम बरा, पण वरच्या कोपऱ्यातला पिवळा, घट्ट मुरूम बिटाला दाद देईना. पहिल्या दिवशी अकरा खड्डे झाले आणि बिटाच्या टोकाचे दात बोथट होऊन गोल झाले. संध्याकाळी तात्या आले, त्यांनी सांगितलं, "अर्धा वीत भोक पाडून ठेवा आणि रात्री त्यात तांब्याभर पाणी सोडा." सोडलं. सकाळी तोच मुरूम चाळल्यासारखा वर आला. पाणी मुरायला रात्र द्यावी लागते, तासाभरात काही होत नाही. दात मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हार्ड फेसिंगच्या (कडक धातूचा थर चढवायच्या) रॉडनं भरून घेतले, दीडशे रुपयांत. कंपनीचे मूळ दात जेवढे टिकले त्याच्या दुप्पट हे टिकले.

पाषाण लागला की मात्र मशीन बंद करायचं. बिट माती आणि मुरूम कापतं, दगड नाही. १८४ पैकी २३ खड्ड्यांना पहार घ्यावीच लागली. काही ठिकाणी खांबच फूटभर सरकवला. सरळ रेघेत खांब दिसावेत म्हणून मी आधी दोरी लावली होती, तीन ठिकाणी दोरीनं हार मानली.

हिशोबाचं सांगतो, कारण सगळ्यांना तेवढंच ऐकायचं असतं. हातानं खड्डे काढून घेतले असते तर १८४ गुणिले ६० म्हणजे ११,०४० रुपये. मशीनला १४,५००, पेट्रोल आणि त्यात मिसळायचं टू-टी तेल मिळून बाराशे, आबांची पाच दिवसांची हजेरी अडीच हजार. १८,२००. माझी हजेरी धरलेलीच नाही, घरचा माणूस फुकटच असतो. म्हणजे खड्ड्याच्या दरात मशीन हरलं. हे मी डिसेंबरातच लिहिलं असतं तर "घेऊ नका" असं लिहिलं असतं.

पण खांब रोवताना दुसरं काही लक्षात आलं. हातानं काढलेला खड्डा सरळ उभा निघत नाही. पहार फिरायला जागा लागते, म्हणून तो निदान फूट बाय फूट होतो. दोन फूट खोल खड्ड्यात चार इंची चौकोनी खांब उभा केला की भोवती पावणेदोन घनफूट पोकळी राहते. आठ इंची बिटाच्या खड्ड्यात तीच अर्धा घनफूटसुद्धा भरत नाही. आम्ही सगळ्या खांबांना काँक्रीट केलं होतं. म्हणजे खांबामागे सव्वा घनफुटाहून जास्त खडी, वाळू, सिमेंट वाचलं, गुणिले १८४. मशीनचे पैसे तिथंच निघाले आणि वर उरले. नुसता दगडमातीनं खांब धोपटणार असाल तर हा हिशोब तुम्हाला लागू नाही. जुलैत काळी जमीन फुगली तेव्हा पाटाकडेचे चार खांब थोडे कलले, त्यात मशीनचा दोष नाही, तिथं मी खोली कमी घेतली होती.

इंजिनाबद्दल. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. माझ्या माहितीपुस्तिकेत लिटरला ४० मिली तेल, म्हणजे २५ ला १. तुमच्या मशीनचं वेगळं असू शकतं, ५० ला १ वालीही येतात. मिश्रण कधीही टाकीत करायचं नाही, बाहेर कॅनमध्ये करून हलवून मगच ओतायचं. सव्वा लिटरची टाकी काळ्या रानात पस्तीस खड्डे पुरली, मुरमात पंधरा. एकदा पुतण्यानं घाईत साधं पेट्रोल ओतलं. दहा मिनिटांत ताकद उतरली, आवाज कोरडा झाला. आबांनी कानावरून ओळखलं आणि बंद करायला लावलं, नाहीतर पिस्टन धरला असता. तेव्हापासून मिश्रणाच्या कॅनला लाल चिंधी बांधलेली आहे.

मला सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती मात्र मशीन न वापरता. डिसेंबरात कुंपण उरकलं, टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून मशीन गोठ्यात टांगलं. मे महिन्यात काढलं तर दोरी ओढून ओढून खांदा गेला. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला: आत चिकट थर, पेट्रोल ओढणारा रबरी पडदा कडक झालेला, पेट्रोलची नळीही ताठ. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला फरक जाणवत नाही, पाच महिने टांगलेल्या मशीनला जाणवतो. पडदा, नळी आणि मजुरी मिळून ६५० रुपये गेले. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

मे अखेरीस वळीव झाला आणि चौथ्या दिवशी केशरचे साठ खड्डे धरले. आंब्याला खड्डा मोठा लागतो, बारा इंची बिटाचं एक भोक म्हणजे काहीच नाही. आम्ही चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक अशी पाच भोकं पाडली, मधल्या भिंती कुदळीनं पाडल्या. भोकं एकमेकांना चिकटून पाडू नका, बिट घसरून शेजारच्या भोकात जातं; चार बोटं भिंत ठेवा. आणखी एक: ओलसर मातीत बिट फिरून खड्ड्याची बाजू मडक्यासारखी गुळगुळीत होते. खांबाला ते चालतं, झाडाच्या मुळीला नाही. म्हणून रोप लावायच्या आधी बाजू पहारेनं खरवडून घेतल्या. बारा इंची बिटाला ५२ सीसी कमी पडतं, हेही तेव्हाच कळलं. फक्त फळबागेसाठी घेणार असाल तर ६३ किंवा ६८ सीसी बघा, पण ते एका माणसाचं काम नव्हे. टोमॅटोच्या बांबूंसाठी म्हणाल तर उगाच, तिथं पहारच बरी. आणि जिथं ट्रॅक्टर फिरतो तिथं ट्रॅक्टरचं डिगर भाड्यानं आणा. आमच्या वरच्या उतारावर तो चढला नसता, म्हणून हे.

मोडतोड: सुरू करायची दोरी एकदा तुटली, दहा मिनिटांत नायलॉनची घातली. गिअरबॉक्सच्या सीलमधून थोडं ग्रीस येतं. क्लच मात्र जळाला. भावकीतल्या एकानं बिट अडकलेलं असताना तसंच रेटत रेस दिली, वासावरूनच कळलं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी क्लच पाठवायला पाच आठवडे लावले, आणि आला तो दुसऱ्याच मापाचा. शेवटी साताऱ्यात शेती अवजारांच्या दुकानात तसाच मिळाला. घेताना सुटे भाग जवळपास मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा.

सध्या मशीन पुन्हा उसनं गेलंय, बांधावर सागाची रोपं लावायला. या वेळी बिटाच्या पिनेचा बोल्ट घासून परत येणार, हे मला ठाऊक आहे. दोन नवे बोल्ट मी कालच आणून कॅनच्या शेजारी ठेवलेत.