हळूहळू बदल की एका धक्क्यात?

सांगलीतल्या मैत्रिणीची पटकथा अडलीय. नायक हळदीच्या अडतीवरचा, म्हणजे दलालाच्या पेढीवरचा, दिवाणजी. आयुष्यभर वजनात काटा मारलेला हा माणूस शेवटी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो. हा बदल थोडाथोडा दाखवावा, की २०१९च्या महापुरात एका रात्रीत?

पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. सावकाश बदलाला पाच-सहा प्रसंग हवेत, म्हणजे पंधरा-वीस पानं सहज जातात. धक्क्याचं काम दोन-तीन प्रसंगांत होतं. पण खर्चात उलटं: पूर उभा करायचा तर पाणी, होड्या, गर्दी. सावकाश बदलाला एक काटा आणि एक वही पुरते.

खरी कसोटी पटण्याची. पुरात छपरावर बसलेला दिवाणजी अचानक सज्जन झाला तर प्रेक्षक मान्य करणार नाही. त्याची टोचणी आधी दिसायला हवी. एखाद्या पोत्याचं वजन लिहिताना पेन थबकतं, एवढंही चालेल. म्हणजे धक्क्यालाही पूर्वतयारी लागतेच. ती लागतच नाही, हा गैरसमज सोडावा.

नटाचं म्हणाल, तर चित्रीकरण क्रमाने होत नाही. सकाळी शेवटचा प्रसंग, दुपारी पहिला. सावकाश बदलात कुठल्या प्रसंगात माणूस किती बदललाय, याची नोंद ठेवावी लागते.

लघुपट असेल तर धक्का घे, फक्त पूर खिडकीबाहेरच्या आवाजावर भागव. दोन तासांचा चित्रपट आणि मुरलेला नट असेल तर सावकाश. या दिवाणजीसाठी मी सावकाशच निवडेन, कारण काटासुद्धा त्याने रोज थोडाथोडाच मारलाय.