शिकागो विद्यापीठाचे ऑनलाइन मराठी कोश: ‘सिंहावलोकन’च्या कसोटीवर

डिसेंबर आला की अहवालांत, अग्रलेखांत, मंडळांच्या स्मरणिकांत ‘सिंहावलोकन’ हमखास येतं आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी बसतं. ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे शिकागो विद्यापीठाचं संकेतस्थळ पारखायला म्हणूनच हा शब्द उत्तम. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा मराठीतून मराठी अर्थ देणारा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, वझे यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश इथे फुकट वापरता येतात.

शोधताना मूळ रूपच द्यावं. ‘सिंहावलोकनात’ टाकलं तर नोंद सापडणार नाही, कारण शीर्षशब्दांना विभक्ती नसते. जुन्या कोशांचं लेखन १९६२ च्या नियमांआधीचं असल्यामुळे ‘मागे’ तिथे ‘मागें’ आहे आणि ‘करणे’ ‘करणें’. अडलंच तर पहिली दोन-तीन अक्षरं देऊन त्यांनी सुरू होणारे शब्द चाळावेत. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे दिसणारा रोमन ‘एस’ म्हणजे संस्कृत, दाते-कर्व्यांमधला ‘(ल.)’ म्हणजे पुढचा अर्थ लाक्षणिक. या खुणा कळल्याशिवाय नोंद अर्धीच वाचली जाते, आणि नेमकी त्यांची फोड नोंदीशेजारी मिळत नाही. नवशिक्याला इथेच त्रास होतो.

आता शब्दाकडे. पुढे चाललेला सिंह थांबून मागची वाट न्याहाळतो, ही त्यामागची कल्पना. संस्कृतात यावरून ‘सिंहावलोकनन्याय’ आहे. म्हणजे चालून झालेली वाट हवीच. ‘आगामी योजनांचं सिंहावलोकन’ चूक. उंचावरून सगळं एका नजरेत घेणं हवं असेल तर ‘विहंगावलोकन’. ही गल्लत सर्वांत जास्त होते. शब्द नपुंसकलिंगी, आधी षष्ठी आणि पुढे ‘करणे’: ‘दहा वर्षांच्या कामाचं सिंहावलोकन केलं’. ‘कामावर सिंहावलोकन टाकलं’ हे ‘दृष्टिक्षेप टाकणे’शी झालेलं कडबोळं आहे. चालू कामाची मोजदाद असेल तर साधा ‘आढावा’ पुरतो, तिथे सिंह कशाला आणायचा?

जुन्या कोशांची मर्यादा आजच्या कार्यालयीन मराठीत उघडी पडते. मागच्या तारखेपासून लागू होणारा नियम ‘पूर्वलक्षी’ प्रभावाचा, न्यायालयाने स्वतःचाच निर्णय पुन्हा तपासणं म्हणजे ‘पुनर्विलोकन’. अशा संज्ञांसाठी राज्य शासनाचे परिभाषा कोश उघडावेत. तेही ऑनलाइन आहेत. अर्थाची मुळं, जुने दाखले आणि वाक्प्रचार यांसाठी मात्र दाते-कर्व्यांइतकं भरघोस दुसरं काही नाही. लिहिणाऱ्याने, मुद्रितं तपासणाऱ्याने आणि मराठी शिकवणाऱ्याने हे संकेतस्थळ रोज उघडं ठेवावं. सुरुवात दाते-कर्व्यांपासून करावी, मोल्सवर्थ नंतर. इंग्रजी प्रतिशब्द आधी वाचला की मराठी छटा निसटते.