पुढच्या दातांना बाँडिंग की व्हेनिअर?

मैत्रिणीच्या समोरच्या दातांत फट आहे, एकाचा कोपराही उडालाय. बाँडिंग की पोर्सेलिनचे व्हेनिअर (दातावर समोरून चिकटवायचा पातळ पापुद्रा), इथे तिचं घोडं अडलंय.

मला विचाराल तर आधी बघावं ते दात किती तासावा लागतो हे. बाँडिंगमध्ये दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट (प्लास्टिकसारखं मिश्रण) थराथराने लावतात, निळ्या प्रकाशाने कडक करतात, मग पॉलिश. मूळ दाताला फारसा हात लागत नाही, काम बहुधा एका बैठकीत उरकतं. व्हेनिअरसाठी सहसा 0.3 ते 0.7 मिलिमीटर एनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) काढतात, माप घेतात आणि तयार पापुद्रा पुढच्या खेपेला चिकटवतात. काढलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. त्या दातावर मग जन्मभर काही ना काही आवरण लागणारच. ‘कायमस्वरूपी हास्य’वाल्या जाहिराती हे सांगत नाहीत.

टिकण्यात पोर्सेलिन सरस: नीट सांभाळलं तर 10-15 वर्षं, बाँडिंग साधारण 5-7. चहा-कॉफीचे डागही कॉम्पोझिटच धरतं. पण टवका उडाला तर बाँडिंग तिथल्या तिथे दुरुस्त होतं, फुटलेलं व्हेनिअर बहुधा नवंच करावं लागतं. खर्चात व्हेनिअर कितीतरी जड.

एखादी फट, छोटा टवका, कमी वय असेल तर बाँडिंग. सहा-आठ दातांचा रंग-आकार दोन्ही बदलायचे असतील आणि खिसा तयार असेल, तर व्हेनिअर. झोपेत दात खाणाऱ्यांनी दोन्हींसोबत नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं संरक्षक आवरण) घ्यावा. नुसता पिवळेपणा खटकत असेल, तर आधी ब्लीचिंगचं विचारा.